सहा आण्यांच्या आतली गाडी

जुनी मोटार विकत घ्यायची असेल तर ती कोरड्या दिवशी, भर उजेडात आणि इंजिन थंड असताना पाहावी. पावसात भिजलेला कोणताही रंग नवा दिसतो, आणि आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपली दुखणी सांगत नाही. मला हा नियम खोपोलीच्या एका गॅरेजवाल्याने सांगितला. बोरघाट चढताना तापलेल्या, उतरताना ब्रेक जळलेल्या गाड्या दिवसभर त्याच्या दारात उभ्या असत, तेव्हा त्याच्या अनुभवाबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. मी मात्र त्या वेळी कर्जतच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होतो आणि माझ्या मालकीचे एकमेव वाहन म्हणजे सायकल होती. मला मोटारीची परीक्षा का शिकावी लागली, ते आधी सांगितले पाहिजे.

माझा थोरला भाऊ रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. त्यांना सगळे बँकर म्हणतात. दादा त्या बँकरचा ड्रायव्हर. कर्जतहून ढकलत ढकलत ठाकुरवाडीवरून लोणावळ्यापर्यंत न्यायचे, तिथे सुटायचे आणि मोकळे इंजिन घेऊन खाली यायचे, हे त्याने वर्षानुवर्षे केले. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास तो निवृत्त झाला. निरोपसमारंभाहून परतताना हातातला नारळ कुरवाळत तो मला म्हणाला, "मास्तर, जन्मभर मी दुसऱ्याच्या गाडीची पाठ बघितली रे."

मी म्हटले, "घाटातला निसर्ग पाहिलास की."

"खिडकीतून. समोर कायम शेवटचा डबा. आणि हातात चाक कधीच नाही. रूळ नेतील तिकडं गेलो. मला एकदा समोर मोकळा रस्ता पाहिजे, वर आकाश पाहिजे आणि वळायचं की नाही ते माझं मी ठरवायला पाहिजे."

हे सारे मोघम राहिले असते. पण वर्षाचे तांदूळ आणायला तो खालापूर तालुक्यात चौकच्या अलीकडच्या एका गावी गेला आणि तिथल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात, पेंढ्याच्या ढिगाखालून डोकावणारे दिव्यांचे दोन गोल डोळे त्याने पाहिले. पेंढा बाजूला केल्यावर विलायती बनावटीची, दोनच आसनांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची मोटार निघाली. मुंबईचे एक गृहस्थ शिकारीला आणि हवापालटाला तिथे येत, त्यांची ती गाडी. परदेशी कायमचे जाताना त्यांनी जमीन आपल्या राखणदाराला विकली आणि गाडीही रीतसर त्याच्या नावावर करून दिली. राखणदार, म्हणजे आताचा शेतकरी, म्हातारा झाला होता. त्याला गोठ्यात जागा हवी होती. दादाला गाडी हवी होती.

आड आली वहिनी. तिचा आक्षेप रास्त होता. फंडाची रक्कम एकदाच हाती येते आणि ती वाळवी लागलेल्या विलायती खेळण्यात घालायची काय, असे तिने विचारले. दोन दिवस घरात भांडी जरा जोरात वाजली. तिसऱ्या दिवशी मी सकाळी गेलो तेव्हा तिने माझ्यासमोर निवाडा दिला.

"भावजी गाडी बघतील. ते हो म्हणाले तर घ्या. नाही म्हणाले तर या घरात पुन्हा गाडीचं नाव नाही."

दादाने चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. मी त्याला आयुष्यात प्रथमच घाबरलेला पाहत होतो.

अशा रीतीने मी सलग तीन रविवार खोपोलीला गेलो. गॅरेजवाला हातातले काम न थांबवता बोले आणि मी चौकटीच्या वहीत उतरवून घेई. तो जे सांगे त्याचा सारांश असा की, इंजिन बिघडले तर दुरुस्त होते, पण अंग कुजले तर माणूस बुडतो. म्हणून आधी गाडीखाली आडवे व्हावे. लोखंडी सांगाडा, म्हणजे चासी, जिथे वळते आणि जिथे जोडलेली असते तिथे गंज आधी धरतो. पायाखालचा पत्रा बोटाने दाबावा. दरवाजे उघडून सोडून द्यावेत. एखादा आपल्या वजनाने खाली उतरला तर बिजागरी झिजली आहे किंवा आतले लाकूड गेले आहे, कारण त्या काळच्या अशा गाड्यांच्या पत्र्याआड लाकडाची चौकट असे. दरवाजाभोवतीची फट वर आणि खाली सारखी आहे का, ते मोजावे. नसेल तर गाडीने कधीतरी जोरदार धडक खाल्लेली आहे. खड्डे बुजवायला जी लांबी भरतात तिच्यावर रंग मारला की डोळ्याला काहीच कळत नाही.

"मग कसे कळायचे?" मी विचारले.

"बोटानं वाजवून. आम्हाला कळतं."

मी म्हटले, मी शाळेतला नालाकृती चुंबक आणीन. पत्र्याला चिकटेल, लांबीला चिकटणार नाही. त्याने प्रथमच पाना खाली ठेवला.

"मास्तर, तुम्ही गाडी घेताय का तिला पास-नापास करताय?"

दसऱ्यानंतरच्या रविवारी दादा आणि मी त्या गावी गेलो. ऊन स्वच्छ होते. शेतकऱ्याने गाडी गोठ्यातून ढकलून अंगणात आणून ठेवली होती. गडद हिरवा रंग, बसलेली, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना मडगार्डांच्या पसरट कमानी. दादा तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

मी वही उघडली. बत्तीस कलमे होती आणि प्रत्येकापुढे दोन रकाने, एक मालकाच्या म्हणण्याचा आणि एक माझ्या पाहणीचा. प्रथम कागद पाहिले. आर.सी. बुक सातबाराच्या उताऱ्याबरोबर एकाच फडक्यात बांधलेले होते. इंजिनावरचा आणि चासीवरचा आकडा पुस्तकातल्या आकड्यांशी अक्षरशः जुळला. हे सर्वांत आधी करावे. आकडे जुळत नसतील तर बाकीची गाडी कितीही देखणी असो, घरी जाऊन जेवावे.

मग मी शेतकऱ्याला विचारले, "बाबा, इंजिनाची स्थिती कशी आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिले, मग वहीकडे, मग पेन्सिलीकडे. "आता काय सांगू मास्तर. जुनं झालं. पाच आणे."

"सोळापैकी?"

"सोळात पाच. लिवा."

मी लिहिले. पायाखालचा पत्रा? चार आणे. चाके? पाच. रेडिएटर? "त्याचं नावच काढू नका, तीन." एकेका कलमाला त्याचा चेहरा अधिक दुःखी होत गेला. गाडीत काही चांगले आहे का, असे विचारल्यावर तो पुष्कळ वेळ विचार करून म्हणाला, "भोंगा. पर त्यो बी पाचच."

मागे दादा चुळबुळत होता. "बाबा, त्या दिवशी मला म्हणालात, लय भारी गाडी हाय."

"त्या दिवशी तुमी एकले होता, डायवर."

या उत्तराकडे मी लक्ष दिले नाही. मी कामाला लागलो होतो. चुंबक पुढच्या मडगार्डापासून मागच्या टाकीपर्यंत दर चार बोटांवर लावला. तो सगळीकडे टक् करून चिकटला. पेन्सिलीने चाकांच्या तारा एकेक करून वाजवल्या. ढिली तार बद्द वाजते. वर्गात नादकाटा वाजवून दाखवणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. चारही चाकांत मिळून फक्त एक तार बेसूर निघाली. चाक वर आणि खाली धरून हलवले, खडखड नाही. ऑइलची पट्टी बाहेर काढली, तेल काळे पण स्वच्छ. दुधाळ असते तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. समोरून हँडल घालून इंजिन हाताने फिरवले. दोन पूर्ण चक्रांत चार वेळा हाताला अडथळा लागला, चारही वेळा सारखाच. याचा अर्थ चारही सिलिंडर दम धरून आहेत. दरवाजाखालचे लाकूड बोटाच्या सांध्याने वाजवले. उजव्या बाजूचे चांगले वाजले, डाव्या बाजूचे त्याहून चांगले. मी दोन्हीपुढे 'उत्तम' लिहिले.

आणि नेमक्या या टप्प्यावर माझ्या शिस्तबद्ध बुद्धीने घात केला. माझा रकाना एक सांगत होता आणि मालकाचा रकाना दुसरेच. मी भूमितीच्या सिद्धतेप्रमाणे विचार केला. पक्ष: विकणारा आपला माल आहे त्यापेक्षा चांगला सांगतो. म्हणून मालकाने सांगितलेले पाच आणे ही वरची मर्यादा होय. खरी स्थिती पाचापेक्षा कमीच असणार. माझ्या पाहणीत ती चौदा-पंधरा दिसते, याचा अर्थ एकच, मूळ दोष मला सापडलेला नाही आणि मालकाला तो ठाऊक आहे. सिद्धतेत कुठेही फट नव्हती.

मी वही घेऊन दादाला बाजूला नेले. "दादा, नको."

"काय सापडलं?"

"काहीच सापडले नाही. तीच भीती आहे."

दादाने वाद घातला नाही. उभ्या जन्मात त्याने सिग्नलशी कधी वाद घातला नव्हता. तो म्हणाला, "बरं. नुसतं बसून घेतो एकदा." तो चालकाच्या जागी बसला. दोन्ही हात चाकावर ठेवले, चाक थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे फिरवून पाहिले आणि उतरला. उतरताना त्याने दरवाजा इतक्या हलक्या हाताने लावला की मला वहीत पाहणे भाग पडले.

शेतकऱ्याच्या घरातून चहा आला. आम्ही पडवीत बसलो. समोर बांधापलीकडे त्याचे खाचर होते. भात पिकून आले होते. लोंब्या इतक्या जड की सगळे शेत एका बाजूला कलले होते. बोलायला काहीतरी हवे म्हणून दादाने विचारले, "यंदा पीक काय म्हणतंय, बाबा?"

शेतकऱ्याने माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिले. ती उघडीच होती.

"पाच आणे," तो म्हणाला.

दादाच्या हातातली बशी डचमळली. तो आधी गालात हसला, मग त्याला ठसका लागला. "मास्तर, ती वही मिट."

"का?"

"मिट म्हणतो ना. आणि पेन्सिल खिशात घाल."

मी दोन्ही केले. दादा शेतकऱ्याकडे वळला. "आता सांगा बाबा. भात किती?"

म्हाताऱ्याने खाचराकडे पाहिले आणि इतका वेळ पडलेला त्याचा चेहरा सुटला. "चवदा. त्या पल्याडच्या कोपऱ्यात पंधरा म्हणा."

"आणि गाडी?"

"गाडी बी चवदा."

ज्यांचा शेतीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आणि तेव्हाच्या माझ्यासाठी खुलासा करतो. पीक पूर्ण आले तर ते सोळा आणे धरायचे आणि प्रत्यक्ष पीक त्याच्या किती आणे आहे ते सरकारी माणसांनी ठरवायचे, याला आणेवारी म्हणतात. नाण्यांतून आणे गेले तरी शेतातून ते गेले नाहीत. आणेवारी सहाच्या आत लागली तर शेतसाऱ्यात सवलत मिळते. त्यामुळे कोणी माणूस वही उघडून, पेन्सिल सरसावून, समोर उभा राहून "कसे आहे?" असे विचारू लागला की त्याला सहाच्या वरचा आकडा सांगायचा नाही, हे तिथे बापाकडून मुलाकडे आलेले शिक्षण होते. मी त्याला मोटारीबद्दल विचारत होतो. त्याने उत्तर वहीला दिले होते.

"पण बाबा, तुम्हाला गाडी विकायची आहे ना?" मी विचारले.

"इकायचीच हाय की."

"मग?"

"मास्तर, तुमी लिवत होता," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "लिवलेल्यावर उद्या काय बसंल, कोनाला ठावं? टॅक्स बसंल. मंग म्हनतील, तूच तर सांगितलं हुतंस."

माझी सिद्धता निर्दोष होती, गृहीतक तेवढे उलटे होते. आम्ही पुन्हा गाडीकडे गेलो आणि या वेळी मी रिकाम्या हाताने उभा राहिलो. म्हातारा आता थांबेना. दर दसऱ्याला तो गाडी धुतो, झेंडू वाहतो, हँडल मारून चालू करतो आणि खळ्याला तीन फेऱ्या घालतो. ऑइल त्याने मागच्याच वर्षी बदलले. आणि एवढे सांगून तो डाव्या दरवाजापाशी गेला.

"एक खोट हाय, ती बी सांगतो. हितलं लाकूड वाळवीनं खाल्लं हुतं. सुताराकडनं सागाचं घातलं. विलायती नाय ते, आपल्याच डोंगरातलं हाय."

ज्या लाकडापुढे मी 'उत्तम' लिहिले होते तेच ते. चुंबकाने किंवा नादकाट्याच्या कानाने मला ते कळले नसते. तेव्हापासून जुनी गाडी पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे की कलमे पाठ करून जावे, वही घरी ठेवावी आणि सर्व पाहून झाल्यावर मालकाजवळ बसून चहा प्यावा.

आता गाडी चालवून पाहायची राहिली. म्हाताऱ्याने दादाला क्लच, गिअर आणि ब्रेक समजावून दिले. दादाने ते एका ऐकण्यात उचलले. यंत्राची त्याला भीती नव्हती. मी शेजारी बसलो. म्हाताऱ्याने हँडल मारले, दुसऱ्या झटक्याला इंजिनाने खोकून सूर धरला. गाडी खाचराच्या कडेने बैलगाडीच्या वाटेवर निघाली. दादा ताठ बसला होता, नजर समोर, दोन्ही हात चाकावर. वर आकाश होते.

वाट पुढे डावीकडे वळत होती. दादा वळण पाहत होता, मी दादाला पाहत होतो. चाक जागचे हलले नाही.

"दादा, वळण."

"दिसलं."

"अरे, मग वळव ना."

"वळेल की," तो शांतपणे म्हणाला, आणि आम्ही बांधावरून खाली भातात उतरलो.

गाडी चार ओळी आडव्या करून थांबली. दादा चाकाकडे असा पाहत राहिला की जणू ते त्या क्षणी तिथे उगवले होते. मागून म्हातारा धोतर सावरत आला, गाडीकडे पाहिले, भाताकडे पाहिले.

"डायवर," तो म्हणाला, "आता खरंच पाच आणे झालं."

आम्ही तिघांनी गाडी ढकलून वर काढली. मी पुन्हा आडवा होऊन खाली पाहिले. काही वाकले नव्हते. पण माझ्या मनात निराळीच चिंता होती. गाडी चांगली होती यात आता शंका नव्हती. ज्या माणसाचे हात इतकी वर्षे रुळांवर विसंबून राहिले, त्याच्या ताब्यात ती द्यावी का, हा प्रश्न बत्तीस कलमांत नव्हता. वहिनी मला तोच विचारणार होती.

दादा बांधावर बसून राहिला. मग उठला. "तू बस शेजारी. इंजिनात आम्ही दोघं असायचो. सिग्नल दिसला की मी मोठ्याने म्हणायचो, असिस्टंट तेच मोठ्याने म्हणायचा. म्हटल्याशिवाय हात हलायचा नाही. तसं करू."

गाडी पुन्हा निघाली. वळण आले.

"डावं वळण," दादा म्हणाला.

मी वळणाकडे पाहत होतो.

"म्हण की रे."

"डावे वळण," मी म्हणालो, आणि त्याचे हात फिरले. गाडी वाटेबरोबर डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दर वळणाला दोघांनी पुकारा केला. खळ्यापाशी पोचलो तेव्हाच्या दादाच्या चेहऱ्याचे वर्णन मी करणार नाही. त्याने इंजिन बंद केले आणि माझ्या निकालाची वाट पाहिली.

"घे," मी म्हटले. "पण शेजारची जागा रिकामी ठेवून कधीच निघायचे नाही."

संध्याकाळी वहिनीला मी सर्व क्रमाने सांगितले, भातासकट. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "म्हणजे गाडी पास आणि हे काठावर." मी होकार दिला. तिने शब्द पाळला.

परवाना मिळायला त्याला पुढचे काही महिने लागले. गाडीला आसने दोनच असल्यामुळे असिस्टंटची जागा साहजिकच वहिनीकडे आली. पहिले काही दिवस ती पदर डोक्यावरून घट्ट ओढून, ओठ मिटून बसे आणि पुकाऱ्याला नाइलाजाने पुटपुटून उत्तर देई. एकदा चौकच्या रस्त्याला मी सायकलवरून येत होतो. समोरून टप उघडे टाकलेली हिरवी गाडी आली. इंजिनाच्या आवाजावर मात करत दादाचा खणखणीत आवाज ऐकू आला, "उजवं वळण!"

"उजवं वळण," वहिनीने तितक्याच जोरात परतवले, "आणि वळणापलीकडं म्हैस आहे, आणि कडेला भावजी आहेत, जरा जपून."